पॉल क्रुगमन यांचं न्यूजलेटर: दहा महिने वाचल्यानंतर

मी पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. सबस्टॅक या संकेतस्थळावरून लेखक आपले लेख थेट वाचकांना ईमेलने पाठवतात. तिथलं अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांचं न्यूजलेटर गेले दहा महिने जवळजवळ रोज वाचतोय. पहिले दोन महिने फुकट वाचलं, मग वर्गणी भरली.

क्रुगमन २००० पासून डिसेंबर २०२४ पर्यंत न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्तंभ लिहीत होते. २००८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांच्या नावावर, वय सत्तरीच्या पुढे. कुणीही म्हणेल, आता आराम करा. पण शेवटच्या वर्षी लेखांवर संपादकांचा हात फार फिरायला लागला आणि आलेख देऊन खोलात लिहायची जागा असलेलं तिथलं त्यांचं न्यूजलेटर सप्टेंबर २०२४ मध्ये थांबवलं गेलं, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आठशे शब्दांत मत सांगून होतं. ते मत कुठल्या आकड्यांवरून बनलं, हे दाखवायचं तर आलेख लागतो, कधी आकडेमोड लागते, आणि काल सांगितलेलं आज पुन्हा दुसऱ्या बाजूने सांगावं लागतं. शिकवणाऱ्या माणसाला हे पटकन कळतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा वर्गात पहिला प्रश्न आला, "सर, हे पैसे आपण भरणार का?" कस्टम्समध्ये शुल्क भरतो तो तिथला आयातदार. मग त्यातलं किती तो गिऱ्हाइकावर टाकतो आणि किती आपल्या निर्यातदाराकडून भाव पाडून काढून घेतो, हा खरा प्रश्न. क्रुगमन यांचं नोबेल आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्याच कामाचं, त्यामुळे ते महिनोन् महिने या विषयाचा पिच्छा सोडत नव्हते. वृत्तपत्रात एकाच विषयावर इतक्यांदा लिहू दिलं असतं असं मला वाटत नाही. मला मात्र त्या पुन्हा पुन्हा येण्यातूनच शिकवायची रीत सापडली.

सगळ्यात मोठा फायदा सांगतो. त्यांचे बरेच आलेख फ्रेडवरचे असतात. फ्रेड म्हणजे सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं आकडेवारीचं संकेतस्थळ, सगळ्यांना मोफत. एका संध्याकाळी त्यांचा आलेख बघता बघता मी तिथे गेलो आणि डॉलर-रुपयाचा दर काढला. १९७३ पासूनची मालिका मिळाली, आठ रुपयांच्या आसपासपासून सुरू होणारी. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावली. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, रेषा तर वर चाललीय, आणि तुम्ही रुपया घसरला म्हणताय?" रेषा एका डॉलरला लागणारे रुपये मोजतेय, हे उलगडण्यात पूर्ण तास गेला. इतका चांगला तास त्या सत्रात दुसरा झाला नाही.

वर्गणी भरली ती रविवारच्या मोठ्या लेखांसाठी. विषमतेवरची मालिका मी छापून घेतली आणि समासात पेन्सिलीने मराठी प्रतिशब्द लिहीत वाचली.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. ट्रम्प यांच्या धोरणांवर ते फार कडक लिहितात, मधला सूर शोधणाऱ्याने इकडे येऊ नये. अमेरिकेच्या आरोग्यविम्यावरचे लेख तिथली व्यवस्था ठाऊक नसेल तर डोक्यावरून जातात. माझेही जायचे, आता निम्मे कळतात. शिवाय लेख रोज येतो. आठवडाभर वाचायचा राहिला की साठत जातो. मी आता शीर्षक आणि आलेख बघून ठरवतो.

फुकटात मिळणारं लेखनही भरपूर आहे. व्यापार किंवा महागाई शिकवणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. वर्गणीचा विचार रविवारचे लेख लागतील तेव्हा करता येईल. माझी पुढच्या महिन्यात संपतेय, ती वर्षाची भरणार आहे. विषमतेची ती छापील प्रत सध्या मागच्या बाकावरच्या त्या मुलीकडे आहे.