जॅकार्डचा सायनोटाइप सेट: बाटल्या व्हीगन, कागदाचं मात्र बघावं लागेल

हाताने छायाचित्र छापायची हौस आहे आणि प्राणिजन्य काहीही वापरायचं नाही, अशा माणसाची गाडी जिलेटिनापाशी अडते. फिल्मवर आणि डार्करूमच्या कागदावर चांदीचे क्षार धरून ठेवतं ते जिलेटीन, म्हणजे गुरांची हाडं-कातडी किंवा डुकराची कातडी यांतून काढलेलं प्रथिन. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स यांनी फोटोसाठी जिलेटिनाचा थर दिलेल्या कोरड्या काचेची (ड्राय प्लेट) कृती मांडली, तेव्हापासून हा धंदा त्याच्यावर उभा आहे. इन्स्टंट फिल्मही त्यातून सुटत नाही. जुने अल्ब्युमेन प्रिंट करायचे तर अंड्याचा पांढरा बलक लागतो. सायनोटाइपला, म्हणजे लेप दिलेला कागद उन्हात धरून निळा प्रिंट काढायच्या पद्धतीला, यातलं काहीच लागत नाही. त्यातले लोहाचे क्षार थेट कागदाच्या तंतूंत मुरतात, त्यांना धरून ठेवायला वेगळा थर नको. जॉन हर्शेल यांची १८४२ ची ही पद्धत आहे.

जॅकार्ड या कंपनीच्या सेटमध्ये दोन बाटल्या येतात. एकीत फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत पोटॅशियम फेरीसायनाइड, दोन्ही कोरडी पूड. पाणी घालून हलवायचं, चोवीस तास ठेवायचं आणि वापरताना लागेल तेवढंच समप्रमाणात एकत्र करायचं. वजनकाटा लागत नाही, हा नवशिक्यासाठी मोठा फायदा. दोन्ही द्रव्यं प्राणिजन्य नाहीत, त्यामुळे सेट या कसोटीला पूर्ण उतरतो. सरावलेल्या माणसाने मात्र सुटी रसायनं घ्यावीत. १०० मिली पाण्यात हिरवं सायट्रेट २५ ग्रॅम आणि वेगळ्या १०० मिलीत फेरीसायनाइड १० ग्रॅम. आठ बाय दहा इंचाला अडीच मिली मिश्रण पुरतं, म्हणजे एवढ्यात ऐंशी प्रिंट होतात. सायट्रेटच्या द्रावणावर बुरशी धरते, ती गाळून घ्यावी. फेरीसायनाइडजवळ तीव्र आम्ल येऊ देऊ नये, विषारी वायू सुटतो.

खरी गोम पुढे आहे, आणि सेटच्या खोक्यावर ती कळत नाही.

पहिली गोष्ट कागदाची. जलरंगाच्या चांगल्या कागदाला, तो पाणी एकदम पिऊ नये म्हणून, खळ दिलेली असते, आणि बऱ्याच नावाजलेल्या कागदांची ती खळ म्हणजे जिलेटीनच, आपल्या भाषेत सरस. आर्शचा जलरंगाचा कागद त्यातलाच. फिल्म टाळून सायनोटाइपकडे आलेला माणूस सगळ्यात महागडा कागद घेतो आणि जिलेटीन मागच्या दाराने घरात येतं. फॅब्रियानो आर्टिस्टिकोची खळ प्राणिजन्य नाही. दुसरा कागद घेताना ‘कॉटन’ या शब्दावर जाऊ नका. तो तंतू कशाचा एवढंच सांगतो, खळीबद्दल काही नाही. विक्रेत्याला खळीचं थेट विचारा.

कागदाचा दुसरा दोष रासायनिक आहे. कागद पिवळा पडू नये म्हणून त्यात खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घालतात. तो अल्कधर्मी असतो आणि प्रशियन निळ्याला, म्हणजे सायनोटाइपच्या निळ्या रंगाला, अल्क सोसत नाही. प्रिंट उन्हात सुरेख दिसतो आणि धुताना निळा रंग पाण्याबरोबर वाहून जातो. लोक दोष रसायनाला देतात, दोषी असतो कागद. हानेम्यूलेचा प्लॅटिनम रॅग अशा पद्धतींसाठीच, खडू न घालता बनवलेला आहे.

ब्रशचंही तेच. पुस्तकी कृतीत हाके ब्रश सांगतात, तो शेळीच्या केसांचा असतो. फोमचा ब्रश घ्या. तो जास्त द्राव पितो, म्हणून मिश्रण अर्धा मिली वाढवा. कृत्रिम केसांचा घेतलात तर पत्र्याची पट्टी नसलेला बघा, लोखंड लागलं की निळे ठिपके पडतात.

निगेटिव्ह फिल्मची वापरली तर पुन्हा जिलेटीन. डिजिटल फोटोतलं काळं-पांढरं उलटं करून तो साध्या कागदावर लेझर प्रिंटरने छापा, मागून खोबरेल तेल चोळा आणि जास्तीचं नीट टिपून घ्या. कागद पारदर्शक होतो. बारीक तपशील जातो, पण चेहरे आणि झाडं झकास येतात. पानंफुलं थेट ठेवली तर निगेटिव्हची गरजच नाही. इंग्लंडच्या वनस्पतिअभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्री शेवाळांचे ठसे असेच घेतले.

लेप मंद पिवळ्या दिव्यात द्या आणि कागद त्याच दिवशी वापरा. पावसाळ्यात वरून कोरडा वाटणारा कागद आतून दमट असतो आणि मग पांढरा भागही निळसर येतो. ड्रायरची थंड हवा द्या. दुपारच्या उन्हात पानांना पाचेक मिनिटं, तेलकट निगेटिव्हला त्याच्या तिप्पट धरून चाला, पण आधी त्याच कागदाच्या छोट्या पट्टीवर वेळ तपासून बघा. पिवळट हिरवा लेप निळा होऊन पुढे गडद जागी राखाडी-तपकिरी झाला की काढायचा. अनेक जण निळ्यालाच थांबतात आणि धुतल्यावर फिका प्रिंट हाती येतो.

बोअरच्या जड पाण्याने रंग उतरतो. पहिल्या लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला, मग पिवळेपणा जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. खरा गडदपणा दिवसभर हवेत राहिल्यावर येतो.

सेट घ्यावा का? पहिल्यांदा करणाऱ्याने जरूर घ्यावा, फक्त त्याच खरेदीत फोमचा ब्रश आणि खळ विचारून घेतलेला कागद घ्यावा. लेप दिलेले तयार कागद मला पटत नाहीत, कारण मूळ कागदाची खळ कशाची हे पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. आणि प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवताना सरस नको, मैद्याची खळ शिजवा. पुठ्ठाही बिनखडूचा हवा, नाहीतर निळा रंग मागून फिकटत जातो.