त्याच्या बॉडीवर लेन्स छान चालली

गेल्या वर्षी गौरींच्या तोंडावर माझे साडेसहा हजार रुपये गेले. रक्कम काहींना लहान वाटेल, पण शिकवणीच्या पैशांतून बाजूला काढलेली होती. सणासुदीच्या आधी पुष्कळ जण कॅमेऱ्यासाठी लेन्स शोधत असतात, त्यांच्यासाठी हे सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

माझ्याकडे निकॉनचा डी5300 आहे आणि त्याच्याबरोबर आलेली 18-55 ची किट लेन्स. गौरींपुढे समया लावल्या की आमच्याकडे ट्यूबलाइट बंद करतात. त्या उजेडात किट लेन्स 55 वर नेली की अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) एफ 5.6 च्या पलीकडे उघडत नाही. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद, 6400 करूनही शटर 1/15 सेकंदावर यायचं आणि ओवसा भरणाऱ्या सासूबाईंचे हात फोटोत नुसते पुसट दिसायचे. एफ 1.8 ची लेन्स एफ 5.6 पेक्षा जवळजवळ दसपट उजेड आत घेते. म्हणजे तोच फोटो 1/150 ला निघाला असता. म्हणून स्वस्तातली ‘फिफ्टी’, म्हणजे 50 एमएमची एफ 1.8 लेन्स, घ्यायची ठरवली. नव्या एएफ-एस 50 एमएम 1.8जी ला मला तेरा हजारांच्या पुढे सांगत होते, तेव्हा वापरलेली बघू म्हणून सीएसएमटीजवळच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांकडे गेले. तिथे प्रामाणिक दुकानंही आहेत, त्यांच्याकडून मी बॅग आणि बॅटरी घेतलेली आहे. या वेळी वेगळ्या दुकानात शिरले.

डी5300 साठी हवी आहे, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. दुकानदाराने कपाटातून 50 एमएम 1.8डी काढली, म्हणजे जी च्या आधीची, जुन्या धर्तीची. “ही घ्या ताई, रिंगवाली. प्रो लोक हीच वापरतात. डी काय नि जी काय, काच तीच.” मी बॅगेतून कॅमेरा काढायला लागले तर म्हणाला, “पावसाचे दिवस आहेत, तुमची बॉडी उघडू नका, ओल आत जाईल. माझ्यावर दाखवतो.” त्याने स्वतःच्या डी7200 ला लेन्स लावली, बटण अर्धं दाबलं, खर्रर्र आवाज झाला आणि समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे लख्ख फोकस झाले. मी खूश. पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्स जपायची साधी काच, घट्ट बसवलेला होता, तो “आमच्याकडून भेट”. पक्कं बिल मागितलं तर अठरा टक्के जास्त पडतील म्हणाला. साडेसहा हजार रोख दिले आणि कागदाच्या चिटोऱ्यावर ‘50 एमएम लेन्स, 6500’ एवढं लिहून घेतलं. ना लेन्सचा नंबर, ना दुकानाचं नाव.

रात्री घरी लेन्स लावली तर पडद्यावर ‘एफईई’ अशी अक्षरं आली आणि शटर पडेना. मॅन्युअल काढून वाचलं. डी लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग 22 वर फिरवून लॉक करावी लागते. ते केलं, शटर पडलं. पण फोकस हलेचना. बटण दाबतेय, लेन्स मुकी.

कारण असं, आणि हे नीट लक्षात ठेवा. या डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यावर एक फट असलेला बारीक स्क्रू दिसतो. बॉडीतली मोटर तो स्क्रू फिरवते तेव्हा फोकस होतो. दुकानातला तो खर्रर्र आवाज त्याचाच होता. डी90 मध्ये ही मोटर आहे, डी7000 च्या घरातल्या बॉडींमध्ये आहे. डी3000 आणि डी5000 च्या घरातल्या एकाही बॉडीत नाही. माझ्या कॅमेऱ्यावर ही लेन्स हातानेच फिरवायची. व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका येतो तेव्हा फोकस झाला असं समजायचं. पण 1.8 वर, मीटरभर अंतरावरून, नीट दिसणारी पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटरची असते. नाक फोकसमध्ये आलं तर कान जातो. बसलेल्या माणसाचा फोटो जमतो, धावणाऱ्या पोराचा नाही.

दुसऱ्याच दिवशी परत गेले. तो म्हणाला, “तुम्ही कॅमेरा कुठला ते बोललाच नाहीत.” माझ्या तोंडावर बोलला. चिटोरं दाखवलं तर “यावर आमचं नाव कुठाय?”

इथवर कोणी म्हणेल, तू आधी वाचायला हवं होतंस. बरं. पण पुढचं ऐका. गौरी जेवल्या त्या संध्याकाळी समईची ज्योत चौकटीत घेतली की सगळा फोटो दुधाळ यायचा. फिल्टर काढून बघावा तर निघेना. शेवटी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून पिळला, तेव्हा सुटला. आट्यांमध्ये पिवळट, चिकट काहीतरी सुकलेलं होतं. खालच्या काचेवर मधोमध बोटाच्या पेराएवढा, कोटिंग (काचेवरचा पातळ लेप) गेलेला डाग. मग मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारला, आणि आत कोळिष्टकासारखे पांढरे तंतू पसरलेले दिसले. फंगस, म्हणजे बुरशी. दुरुस्तीवाल्याने स्क्रूची झिजलेली डोकी दाखवली. लेन्स आधी कोणीतरी उघडून पुसली होती. फंगसने कोटिंग खाल्लं की काच कितीही पुसा, ते परत येत नाही, आणि काच बदलायची तर लेन्सच्या किमतीहून जास्त खर्च. चुकीची लेन्स गळ्यात मारणं एक वेळ समजू शकेन. फिल्टर चिकटवून डाग झाकणं ही ठरवून केलेली लबाडी आहे, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक कायद्यात अनुचित प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत दाखल करता येते. पण मी तिथून ती लेन्स घेतली हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. यूपीआयने दिले असते तरी निदान नोंद राहिली असती.

तेव्हा वापरलेली लेन्स घेताना स्वतःच्या कॅमेऱ्यावरच लावून बघा, पाऊस असो नाहीतर धूळ. फिल्टर तुमच्यासमोर काढायला लावा, निघत नसेल तर उठून या. टॉर्च पुढून मारा, मागूनही मारा. लेन्सवरचा नंबर बिलावर आणि खोक्यावर एकच आहे का बघा. आणि निकॉनच्या छोट्या बॉडीला नावात ‘एएफ-एस’ असलेलीच घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते.

दिवाळीत मी 35 एमएम 1.8जी घेतली, नवी, पक्क्या बिलाने. माझ्या बॉडीचा सेन्सर लहान, त्यामुळे तिच्यावर 50 ची चौकट 75 सारखी अरुंद होते, आमच्या बारा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ लागायची. 35 तिथे बरोबर बसते. पाडव्याला सासूबाई सासऱ्यांना ओवाळतानाचा फोटो निघाला, तबकातल्या निरांजनाच्या उजेडात, हात स्पष्ट.

जुनी लेन्स वेगळ्या डब्यात ठेवली आहे, तिची बुरशी दुसऱ्या लेन्सना नको. मुलगा म्हणतो, विकून टाक, डी7200 वाला कोणीतरी चार हजार देईल. देईलही. तिच्या मागच्या कॅपवर मी चिकटपट्टी लावून पेनने लिहिलंय: आत फंगस आहे.