जावाडॉक मॉड्यूलवार काढावं की एकत्र?

फर्मागुडीला इंजिनिअरिंग करून पर्वरीत नोकरीला लागलेली मुलं मला हा प्रश्न वारंवार विचारतात. मेव्हन या बिल्ड-साधनाच्या प्रकल्पात सात-आठ मॉड्यूल्स (उपप्रकल्प) आहेत, तर प्रत्येकाचं जावाडॉक, म्हणजे जावा कोडमधल्या कॉमेंटवरून बनणारं डॉक्युमेंटेशन, वेगळं काढावं की ॲग्रीगेट गोल (मेव्हनची एकत्र काढायची आज्ञा) चालवून सगळ्यांचं एकत्र? दोन्ही मार्ग चालतात. फरक पडतो तो क्लासपाथमुळे, म्हणजे लागणारे क्लास जिथे शोधले जातात त्या जागांच्या यादीमुळे.

जावाडॉक नुसत्या कॉमेंट वाचून थांबत नाही. ते जावा कंपायलरचीच यंत्रणा वापरतं, म्हणून इम्पोर्ट, पॅरामीटर आणि पालक क्लास यांतला प्रत्येक टाइप त्याला सापडावा लागतो. मेथडच्या पोटातला कोड ते तपासत नाही. पण तिथे वापरलेल्या लायब्ररीची जार (तयार क्लासांची फाइल) नसली, तर वरच्या इम्पोर्टच्या ओळीवरच ‘पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट’ येतं. फक्त रनटाइमला लागणाऱ्या जार मात्र नसल्या तरी चालतं.

मॉड्यूलवार मार्गात प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचाच क्लासपाथ मिळतो, म्हणजे जवळपास तोच, ज्याच्यावर कंपाइल आधीच पार पडलेलं असतं. त्यामुळे चुका कमी होतात, आणि झालीच तर कुठल्या मॉड्यूलची ते लगेच कळतं. लायब्ररी मेव्हन सेंट्रलवर टाकायची असेल तर जावाडॉकची जार तशीही लागतेच. तोटा एवढाच की वाचणाऱ्याला एका पानावरून दुसऱ्या मॉड्यूलच्या पानावर सहज जाता येत नाही.

एकत्र मार्गात वाचणाऱ्याची सोय मोठी असते. सगळे क्लास एका सूचीत येतात, शोधही एकच. पण सगळ्या मॉड्यूल्सच्या डिपेन्डन्सी (लागणाऱ्या लायब्ररी) एकाच क्लासपाथवर येतात, आणि इथेच खरी कसोटी लागते. समजा एका मॉड्यूलमध्ये एखाद्या लायब्ररीची जुनी आवृत्ती आहे आणि दुसऱ्यात नवी. कंपाइलच्या वेळी दोन्ही सुखाने नांदतात, कारण त्यांची गाठच पडत नाही. ॲग्रीगेटमध्ये त्यांतली एकच उरते, आणि जिचा टाइप गेला ते मॉड्यूल ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ म्हणून अडतं. बिल्ड हिरवं आणि डॉक्युमेंटेशन लाल, या कोड्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. पालक पॉममधल्या (सगळ्या मॉड्यूल्सच्या सामाईक मेव्हन फाइलमधल्या) डिपेन्डन्सी मॅनेजमेंटमध्ये आवृत्ती एकच ठरवावी आणि एन्फोर्सर प्लगिनचा डिपेन्डन्सी कन्व्हर्जन्स नियम लावावा, जो आवृत्त्या जुळत नसल्या की बिल्ड थांबवतो. हे काम एकदा केलं की फायदा जावाडॉकपुरता राहत नाही.

दुसरी अडचण सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर दिसते. आपल्या लॅपटॉपवर भावंड मॉड्यूल्सच्या जार स्थानिक रिपॉझिटरीत आधीच्या इन्स्टॉलमुळे पडून असतात, म्हणून ॲग्रीगेट चालतं. कोऱ्या मशीनवर त्या नसतात. आधी इन्स्टॉल, मग ॲग्रीगेट, हा क्रम ठेवावा. जावा 9 ने भाषेतच आणलेल्या मॉड्यूल पद्धतीत मेव्हनचे अर्धेच मॉड्यूल्स नेले असतील, तर त्या पद्धतीतली नाव असलेली (नेम्ड) आणि बिननावाची (अननेम्ड) मॉड्यूल्स एकत्र आल्यानेही ॲग्रीगेट अडतं. अशा वेळी मॉड्यूलवारच राहावं.

लोम्बॉक (गेटरसारखा कोड आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरत असाल तर दोन्ही मार्गांवर सारखाच त्रास आहे. जावाडॉक ॲनोटेशन प्रोसेसर चालवत नाही, म्हणून तयार होणारे गेटर त्याला दिसत नाहीत. आधी डीलोम्बॉक करून (तो कोड सोर्समध्ये उतरवून) तो सोर्स द्यावा. तसंच, जावा 8 पासून आलेला डॉकलिंट, म्हणजे कॉमेंट तपासणारा भाग, वेगळा. तो बंद केल्याने कॉमेंटमधल्या तुटक्या एचटीएमएलच्या तक्रारी थांबतील, गहाळ जारची नाही.

पावसाळ्यात फोंड्याकडे वीज आणि नेट गेलं की बाहेरच्या डॉक्युमेंटेशनच्या लिंकही अडखळतात, कारण जावाडॉक त्यांची पॅकेज-यादी नेटवरून आणतं. लिंकऑफलाइन पर्याय देऊन यादी स्थानिक ठेवता येते.

ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड-साधनात तयार ॲग्रीगेट टास्क गाभ्यात नाही. हाताने लिहिताना सगळ्यांचा सोर्स जोडला जातो आणि क्लासपाथ विसरला जातो. प्रत्येक उपप्रकल्पाचा कंपाइल क्लासपाथ जोडला की बहुतेक काम होतं.

माझा कौल असा: लायब्ररी बाहेरच्यांना देत असाल तर मॉड्यूलवार, आणि टीममध्येच वाचायची असेल तर आवृत्त्या एकसारख्या करून एकत्र. पण कुठल्याही मार्गावर फेलऑनएरर (चूक आली की बिल्ड थांबवणारा पर्याय) बंद करून पुढे जाऊ नका. तसं केल्यास अपुरं डॉक्युमेंटेशन बाहेर पडतं किंवा मुळीच पडत नाही, आणि बिल्ड मात्र हिरवं दिसत राहतं.