धुळ्याचं तिबेटी स्वेटर मार्केट: काय घ्यायचं, काय नाही

फॅशनचं पातळ जॅकेट धुळ्याच्या थंडीत कामाचं नाही हे आधीच सांगतो. इथे पारा पाच-सहावर येतो आणि रात्रीची लाईट असली की गव्हाला पाणी द्यायला बारा वाजता शेतात जावं लागतं, तेव्हा कळतं अंगात काय घातलंय ते. दिवाळी झाली की जे तिबेटी लोकांचं स्वेटर मार्केट लागतं त्याबद्दल सगळे दोनच गोष्टी विचारतात, माल कसाय आणि भाव कमी करतात का.

माल चांगलाय. आतून फर असलेलं टोपीचं जेन्ट्स जॅकेट एक नंबर, वडिलांना साडेतेराशेला घेतलं, चेन दणकट आणि गाडीवर वारा आत शिरत नाही. आईच्या कार्डिगनचा दुसरा हिवाळा चालूय, बटणं अजून जागेवर. लहान पोरांच्या कानटोप्या तर डोळे झाकून घ्या. हातमोजे-पायमोजे मात्र नका घेऊ, दोन धुण्यात गोळे येतात, त्यापेक्षा आग्रा रोडवर स्वस्त मिळतात. आणि तिबेटात हाताने विणलेलं असतं हा गैरसमज काढून टाका, बहुतेक माल लुधियान्याचा, मशीनवरचा.

भाव फिक्स. आपल्याकडे 'कितलाले देशी?' विचारल्याशिवाय कोणाला खरेदी केल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे इथे रोज वाद. माझ्यासमोर एक मावशी बराच वेळ घासाघीस करून शेवटी 'सरकार पोसस यासले, तरी भाव कमी करतस नही' असं म्हणून निघून गेल्या. दुकानातली दीदी नुसती हसली, तिला अहिराणी कळते की नाही काय माहीत.

पण सरकार पोसत नाही हो. १९५९ ला दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग ही माणसं आली, मग कर्नाटकात बैलकुप्पे, मुंडगोड, छत्तीसगडात मैनपाट, आपल्या महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव, अशा ठिकाणी त्यांना वसवलं. जमीन दिली ती लीजवर, मालकीची नाही. शेती पावसावरची, हिवाळ्यात हाताला काम नाही म्हणून हा धंदा. भांडवल कुठून आणतात तर लुधियान्याचे व्यापारी माल उधार देतात, जुन्या ओळखीवर, आणि पैसे सीझन संपल्यावर चुकते करायचे. म्हणजे थंडी नाही पडली तर माल अंगावर आणि उधारी आहे तशीच, आपल्या कापसाचं होतं तसंच. आता अशा माणसाने पन्नास रुपये कुठून सोडायचे?

कागदाचं तर अजून अवघड. निर्वासितांच्या हक्कांचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे कायद्याने हे परदेशीच, आरसी म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचं सर्टिफिकेट, ते रिन्यू करत राहायचं. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेले जन्मानेच नागरिक आहेत, पण सगळ्यांनी तसे कागद केलेले नसतात. २०१४ ला केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण काढलं, त्यात राज्यांनी यांना ट्रेड लायसन द्यावं, बाजाराला जागा द्यावी, रेशन, मनरेगा, घरकुल अशा योजनांत घ्यावं असं सगळं लिहिलंय. लिहिलंय, पण करायचं राज्यांनी, आणि ज्याला मत नाही त्याच्यासाठी कोणता पुढारी धावपळ करणार, तुम्हीच सांगा.

जळगावच्या सिंधी कॉलनीतले लोक पण निर्वासितच होते की, फाळणीत सगळं सोडून आले. पण त्यांना नागरिकत्व मिळालं, तिकडे राहिलेल्या मालमत्तेचा मोबदला द्यायला १९५४ चा कायदा आला, आज जळगावच्या मार्केटातली त्यांची दुकानं बघून कोणी त्यांना निर्वासित म्हणेल का? मेहनत त्यांनी जबरदस्त केली यात वादच नाही, पण दुकान स्वतःच्या नावावर घेता येणं ही पण मोठी गोष्ट असते ना. स्वेटरवाल्यांची तिसरी पिढी अजून तीन महिने भाड्याच्या जागेत ताडपत्री बांधतेय.

असो, सर्व्हिस. साईज बदलून देतात, कटकट नाही, फक्त टॅग काढू नका. फोनपे चालतं. ट्रायलला एकच आरसा, तो पण इतका खाली टांगलाय की स्वतःचं डोकं दिसत नाही. पार्किंगचं नाव नका काढू. जवळपास टॉयलेट दिसलं नाही, गिऱ्हाईक घरी जाईल पण सकाळपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या बायांनी काय करायचं, ज्यांनी जागेचं भाडं घेतलंय त्यांनी बघायला पाहिजे.

डिसेंबरच्या सुरुवातीला जा, रविवारी संध्याकाळी तर नकाच. संक्रांतीनंतर भाव ते स्वतःच उतरवतात पण तोपर्यंत डबल एक्सेल संपलेलं असतं, माझ्यासारखं पोट असेल तर वाट बघू नका. पाचपैकी चार स्टार, एक मोज्यांचा कापला.