सुक्या कचऱ्यासाठी २४० लिटरचा निळा डबा: घ्यावा, पण असा

सोसायटीत सुक्या कचऱ्याची सोय करायची म्हटलं की पहिली खरेदी होते ती या डब्याची. दोन चाकं, मागे दांडा, वर झाकण, उंची साधारण १०७ सेंटिमीटर. पावसाळ्यात याला तोड नाही. ओला पुठ्ठा भंगारवाला एकतर घेत नाही किंवा वजन कापतो. लोखंडी स्टँडला अडकवलेली उघडी गोणी इथेच मार खाते. चाकं २०० मिमीचीच बघून घ्या, गतिरोधकावरून विनासायास जातात. सगळ्यात आधी मोडते ती झाकणाच्या बिजागरीची पिन, म्हणून खरेदीच्या वेळीच जादा पिना मागून ठेवाव्यात. गाडीवरच्या यंत्राने डबे उचलले जात नसतील, तर त्यासाठीच्या जाड कडेचे जास्त पैसे मोजू नका.

फसगत होते ती मापात. डबा १०० किलोच्या आसपास भार पेलतो, पण न चेपलेला सुका कचरा त्यात जेमतेम १२-१५ किलो मावतो. घरटी दिवसाला ४०० ग्रॅम धरले तर ६० घरांचे २४ किलो. आठवड्यातून दोनदा उचल असेल तर चार दिवसांचे ९६ किलो साठणार, म्हणजे सात डबे लागणार. खोकी उलगडून, सपाट करून डब्यांशेजारी उभी रचली तर पाचात भागतं. बऱ्याच ठिकाणी दोनच डबे आणतात, दुसऱ्याच दिवशी ते ओसंडतात आणि लोक पिशव्या जमिनीवर ठेवू लागतात. एकदा ती सवय लागली की मोडणं कठीण.

या डब्याचा खरा दोष त्याची खोली. माल निवडणाऱ्या बाईला तळातली बाटली काढायला कमरेतून आत वाकावं लागतं. त्यावर उपाय साधा आहे: आत मोठी विणलेली गोणी लावा, तोंड कडेवर दुमडून सुतळीने बांधा. गोणी भरली की अख्खी बाहेर येते. काळी पिशवी मात्र नको. आत काय आहे ते दिसत नाही आणि हात थेट फुटक्या काचेवर जातो. काच तर या डब्यात टाकूच नये, तिच्यासाठी वेगळा क्रेट हवा.

निळा डबा एकटा ठेवला की त्यात भाजीची देठंही येतात. हिरवा डबा हातभर अंतरावर असलाच पाहिजे. झाकणावर शब्दांपेक्षा चित्रं लावा. दुधाची पिशवी विसळून, कोपरा पूर्ण न तोडता कापलेली हवी, कारण सुटलेला तुकडा कुणालाच वेचता येत नाही. पिझ्झाच्या खोक्याचं कोरडं झाकण फाडून सुक्यात टाका. तेलकट तळ टाकू नका. वेफर्सची पाकिटं सुक्यातच जातात, पण त्यांना भंगारात भाव नाही. सॅनिटरी पॅड यात मुळीच नको: कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळं द्यावं.

डबे येण्याआधी उचल कोण करणार ते ठरवा. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था हे काम करते. वेचकांची कमाई दरमहा घरटी शुल्कातून आणि विकलेल्या भंगारातून होते. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा सोसायटीतल्याच कुणी आधी काढून विकला, तर त्यांच्या वाट्याला पाकिटं आणि थर्माकोल उरतो. हे अन्यायाचं तर आहेच, शिवाय उचलही बंद पडते. माल कुणाचा, हे सोसायटीच्या ठरावात स्पष्ट लिहून घ्या.

ज्यांची जागा कमी किंवा वाट पायऱ्यांची आहे, त्यांनी १२० लिटरचा घ्यावा. संख्या दुप्पट लागेल, पण तळापर्यंत हात पोचतो.