बेळगावहून एका दिवसात: कणेरी मठ, गोटगोडी की गोवा? जुनं गावजीवन बघायला कुठं जावं

गेल्या महिन्यात दोघातिघांनी एकच विचारलं, की आईवडिलांना आणि पोरांना घेऊन जुन्या काळचं गाव दाखवायला कुठं जाऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. बेळगावात राहणाऱ्याला हायवेच्या दोन्ही टोकांना एकेक जागा आहे, वर कोल्हापूरच्या अलीकडं कणेरीचं सिद्धगिरी म्युझियम, खाली हुबळीच्या पुढं शिग्गावजवळ गोटगोडीचं उत्सव रॉक गार्डन. तिसरी घाट उतरून गोव्यात, बाणावलीचं गोवा चित्रा. तिन्ही चांगल्या आहेत, खरं तिन्ही वेगळ्या आहेत, आणि कुठली निवडायची हे गाडीत कोण बसलंय त्यावर ठरतंय.

आधी कणेरी. निपाणी, कागल करत गोकुळ शिरगावला वळलं की आलंच, सकाळी नाष्टा करून निघालं तरी चालतंय. मठाच्या आवारातच उघड्या रानात सिमेंटच्या माणसाएवढ्या पुतळ्यांचं अख्खं गाव उभं केलंय, बारा बलुतेदार, कुंभार, लोहार, न्हावी, शेतातली कामं, घरातली कामं, जनावरं. इथं नुसती वस्तू ठेवलेली नाही, ती वापरणारा माणूस तिच्याबरोबर आहे आणि माझ्या मते हाच या जागेचा जीव आहे. पोरांना भाता म्हणजे काय हे सांगत बसावं लागत नाही, लोहार बसलेला दिसतोय, कोण वारा घालतंय आणि कोण घण मारतंय ते दिसतंय, संपलं.

आईला घेऊन गेलो होतो. ती आमच्या खानापूरकडची, वय ७४. बाकी सगळीकडनं ती भराभर पुढं जात होती, खरं दळणाच्या देखाव्यापाशी थांबली ती दहा मिनिटं हलेना. माझ्या पोरीला जवळ ओढून सांगायला लागली, खुंट्याला दोघींनी हात लावायचा, घास एकीनंच घालायचा, आणि मूठभरच घालायचा, जास्त घातलास तर पीठ जाडं पडतंय आणि जातं जड होतंय. मग म्हणाली, जात्याला टाकी लावायला, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं परत खाचे पाडायला, वर्षातनं एकदा माणूस यायचा, टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ आम्ही घरात खात नव्हतो, त्यात दगडाची कच यायची. हे मला ४६ वर्षांत तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि आमचं जातं अजून परड्यात पालथं पडलंय!

म्हणून ज्यांनी हे सगळं हातानं केलंय असं माणूस घरात असेल तर मी दुसरा विचार न करता कणेरी म्हणेन.

आता गोटगोडी. कित्तूर, धारवाड, हुबळी ओलांडून जायचं, अंतर थोडं जास्त, खरं रस्ता सरळ आहे. कलावंत टी. बी. सोलबक्कनवर यांनी २००९ मध्ये उभं केलेलं हे काम, ते २०२० मध्ये गेले. इथंही पुतळेच, खरं उत्तर कर्नाटकातलं गाव. चेहरे, मुंडासं, इरकली नेसायची पद्धत, वाड्याचं दार, सगळं त्या भागातलं. आणि आपल्याला सीमेवरच्या माणसांना ते परकं वाटतच नाही, ही गोष्ट मला मनापासून सांगायचीय. आपण जातं म्हणतो ते बीसुकल्लू, आपली पेरायची कुरी ती त्यांची कूरिगी, शब्दसुद्धा एकाच मातीतला. पोरं कन्नड शाळेत असतील किंवा कन्नड शिकत असतील तर गोटगोडीला न्याच, घरात आजी एक शब्द सांगते आणि शाळेत दुसरा ऐकायला मिळतोय, ते दोन्ही तिथं एका जागी जुळतात. शिवाय संत शिशुनाळ शरीफांचं शिशुनाळ आणि कनकदासांचं बाड ही दोन्ही गावं त्याच शिग्गाव तालुक्यात, वेळ असेल तर एक तरी करून या.

गोवा चित्रा हे वेगळंच प्रकरण आहे. तिथं पुतळे नाहीत, खऱ्या वस्तू आहेत, व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी घरोघरी फिरून जमवलेली ४,००० च्या वर अवजारं, भांडी, मापं, आणि जागासुद्धा पाडलेल्या जुन्या घरांच्या दारंखिडक्या वापरून बांधलेली. उसाचा लाकडी घाणा बघितला की त्याच्या आकारानंच माणूस गप्प होतोय. वापरून गुळगुळीत झालेली मूठ पुतळ्याच्या हातात मिळत नाही, ती इथं दिसते. खरं, माहिती सांगणारा कुणी नसेल तर पोरांना ती नुसती लाकडं वाटतील, म्हणून माहिती सांगत फिरवतात त्या फेरीबरोबरच बघा. एका दिवसात जाऊन येणं म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही, चोर्ला असो की अनमोड, घाट आहे तो आहे, पावसाळ्यात तर नकोच. मुक्काम असेल तरच.

(पुण्याला नाहीतरी जाणार असाल तर शुक्रवार पेठेतलं राजा केळकर म्युझियम सोडू नका, दिनकर केळकरांनी गेलेल्या मुलाच्या नावानं केलेलं, अडकित्ते आणि दिवे बघता बघताच तास जातोय. खरं त्यासाठी इथनं मुद्दाम ३०० किलोमीटरच्या वर जा असं मी म्हणणार नाही.)

कणेरी आणि गोटगोडी दोन्हीकडं उन्हात चालणं भरपूर आहे, म्हणून दिवाळीनंतर ते माघापर्यंत जा, एप्रिल-मेमध्ये म्हाताऱ्यांना नेऊ नका. रविवार टाळा, गर्दीत आईसारखं दहा मिनिटं कुणी उभं राहू देत नाही. वेळ आणि तिकीट बदलत असतंय, निघायच्या आधी फोन करून विचारा.

आणि म्हातारी माणसं जे सांगतात ते फोनवर रेकॉर्ड करा, गाडीतसुद्धा रेकॉर्डिंग चालू ठेवा. आमची आई म्युझियममध्ये बोलली त्यापेक्षा परत येताना जास्त बोलली. संकेश्वरच्या पुढं रानं बघून कुरीवर आली, चाड्यावर, म्हणजे कुरीत दाणे सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ कशी धरायची, बोटांतनं दाणा कसा एकसारखा सोडायचा, बैल थांबला की मूठ कशी आवळायची, हे सगळं रिकाम्या हातानं करून दाखवत होती आणि पोरगी मागच्या सीटवरनं तसाच हात करत होती.