‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’च्या नावाखाली माझे ५०,७४० रुपये गेले, जुन्या गाडीवाल्यांनो, वाचा

आकडा आधीच सांगतो, म्हणजे कुणी विचारायला नको. ३८,९४० रुपये प्रीमियम आणि ११,८०० रुपये व्हॅल्युएशन रिपोर्ट, एकूण ५०,७४०. त्यातले विमा कंपनीपर्यंत पोचले ४,०३१. बाकीचे कुणी खाल्ले ते मला पक्कं ठाऊक आहे, पण नाव लिहीत नाही. वकिलांनी तंबी दिली आहे.

गाडी १९६८ची फियाट ११००, वडिलांची, हँडलला गिअर असलेली. वडील गेल्यावर सहा वर्षं शेडमध्ये पडून होती, उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला होता. मग तीन वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात खेपा घातल्या. पत्राकाम, रंग, इंजिन, वर हौस म्हणून पुढे डिस्क ब्रेक आणि एसी. खर्च ६,७२,०००. घरात पाच लाख सांगितलेत, हे वाचून आज रात्री काय होईल ते होईल.

आता एवढ्या खर्चाच्या गाडीचा विमा काढायला गेलं की काय होतं, ते जुन्या गाडीवाल्यांना सांगायला नको. एका कंपनीने ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर, द्यायलाच नकार दिला. दुसरीने आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, लावली ५५,०००. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असा नियम आहे. आपसात म्हणजे त्यांनी आकडा सांगायचा आणि आपण मान हलवायची. ५५ हजारांत माझा रंगसुद्धा निघत नाही. खरं सांगायचं तर पैशापेक्षा ते झोंबलं. वडिलांच्या गाडीला भंगाराचा भाव!

नेमका त्याच वेळी हा माणूस भेटला. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जुन्या गाडीवाले रंकाळ्यावर जमतो, तिथे कुणाच्या तरी ओळखीने आला. बोलायला गोड, फियाटची माहिती माझ्यापेक्षा जास्त. म्हणाला, “दादा, ही गाडी पन्नासच्या वर गेली, म्हणजे व्हिंटेज झाली. केंद्राचा २०२१चा नियमच आहे. हिला आयडीव्ही लावायचीच नाही, अ‍ॅग्रीड व्हॅल्यू लावायची. ठरलेली रक्कम, घसारा शून्य.”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर फसलो. पन्नास वर्षांचा नियम खरा आहे, पण तो आरटीओच्या नोंदणीचा, ‘व्हीए’ सिरीजच्या नंबरचा. त्यालाही गाडी मूळ रूपात लागते, माझ्यासारखी डिस्क ब्रेक आणि एसीवाली नाही. विम्याचं व्हिंटेज वेगळं. मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या नियमावलीत, अ‍ॅग्रीड व्हॅल्यू पॉलिसी फक्त ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणपत्र दिलेल्या गाड्यांना सांगितली आहे. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते ना, तसली गाडी असेल तर विचारा. १९६८ची फियाट त्यात बसतच नाही. एकोणीसशे चाळीस! हा एक आकडा मला कुणी आधी सांगितला असता तर.

व्हॅल्युएशनला तो स्वतः एक माणूस घेऊन घरी आला. दोन तास. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून ट्रेस काढला, रंगाची जाडी मोजायचं यंत्र बॉनेटवर चार ठिकाणी टेकवलं, डिकीतला मूळ जॅक बघून “वाऽऽ” म्हणाला. मी चहा दिला, वर भडंग दिलं. रिपोर्टमध्ये किंमत आली ९,५०,०००. तो आकडा बघून माझे डोळे भरून आले, हे लिहायची आज लाज वाटते. त्या रिपोर्टच्या बिलावरचा जीएसटी नंबर १४ अक्षरांचा होता. १५ असतात. मोजा, बाबांनो, बोट ठेवून मोजा.

पैसे त्या गोडबोल्याच्याच मोबाइल नंबरवर पाठवले. बायकोने तेव्हाच विचारलं होतं, “कंपनीच्या नावावर का नाही?” मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री उठून बसतो. त्याच संध्याकाळी राजारामपुरीत भेळ खात उभा होतो. कंपनीचा मेसेज आला: तुमचा ४,०३१ रुपये प्रीमियम मिळाला. चार हजार एकतीस. मी भरले होते ३८,९४०. भेळेचा कागद हातात तसाच धरून मी त्याला फोन लावला. तो क्षणभरही अडखळला नाही. “दादा, ते थर्ड पार्टीचं. डॅमेजचं हेड ऑफिसातून वेगळं पडतं.” आणि मी “बरं बरं” म्हणून उरलेली भेळ संपवली! हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टीचा तेव्हाचा दर ३,४१६, त्यावर १८ टक्के जीएसटी, बरोबर ४,०३१ होतात. म्हणजे कंपनी मला स्वतः सांगत होती की तुझा विमा फक्त थर्ड पार्टी आहे, दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. मीच ऐकलं नाही.

पण मी अगदीच बावळट नव्हतो. पॉलिसी आल्यावर सरकारी परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघितला. कंपनीचं नाव बरोबर, पॉलिसी नंबर बरोबर, मुदत बरोबर. कारण पॉलिसी खरीच होती, थर्ड पार्टीची! त्याच पीडीएफमध्ये खाडाखोड करून ९,५०,००० घुसवले होते. कव्हर कसलं आहे ते मला अ‍ॅपवर दिसलं नाही. क्यूआर कोड होता तो कोपरा प्रिंटमध्ये कापलेला होता. मला वाटलं, प्रिंटर खराब.

मे महिन्यात वळवाच्या पावसात ताराबाई पार्कात गुलमोहराची फांदी टपावर पडली. टप दबला, पुढची काच गेली. एस्टिमेट १,८५,०००. कंपनीच्या शाखेतल्या मुलीने पाच मिनिटांत सांगितलं, “सर, तुमची फक्त लायबिलिटी आहे.” म्हणजे तेच, थर्ड पार्टी. मग तो माणूस? “आमचा एजंट नाही. पॉलिसी ऑनलाइन निघाली आहे.” त्या पॉलिसीत ईमेल माझा नाही, त्याचा होता, हेही तिथेच कळलं.

पुढची कथा पोलीस ठाण्याची. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” तिसऱ्या दिवशी, “ऑनलाइन पैसे दिलेत ना, मग सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, “माणूस ओळखीचा, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, हे स्थानिक ठाण्याचं.” परत ठाण्यात. एकाने फाइल चाळून विचारलं, “एवढ्या जुन्या गाडीला नऊ लाखांचा विमा? तुम्हाला तरी पटलं कसं?” चोर राहिला बाजूला, मीच आरोपी. नऊ खेपा झाल्या. अहो, खोटी पॉलिसी बनवून पैसे घेणं दिवाणी कसं होईल? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) कशाला आहे? ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवता येतं. मला हे वकिलाकडून कळलं, खाकी कपड्यातल्या एकानेही सांगितलं नाही. रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेवली आहे.

कंपनीविरुद्ध तक्रार असेल तर आधी कंपनीला लेखी द्या. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जा. आणि गाडीत काही बदललं असेल तर आरसीवर नोंद करून घ्या. माझी नव्हती. खरी पॉलिसी असती तरी त्यावरून क्लेम अडकला असता, हे ऐकून तर डोकंच फिरलं.

गाडी सध्या उद्यमनगरात ताडपत्रीखाली उभी आहे, काच मिळत नाही. परवा त्या माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस दिसला: ‘जुन्या गाड्यांचा फुल व्हॅल्यू विमा, लगेच संपर्क करा.’ स्क्रीनशॉट घेऊन धावत ठाण्यात गेलो. हवालदारांनी मोबाइल हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाले, “रंगीत प्रिंट काढून आणा, दोन प्रती.”